हक्क साताऱ्यात, पोर माणमध्ये

माण तालुक्यातल्या आणि पोटासाठी तालुक्याबाहेर गेलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आम्ही दिव्यांग मुलांचे आईबाप आहोत. कुणाच्या घरी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताब्यात नसणं, कुणाकडे स्वमग्नता (ऑटिझम), कुणाच्या पोराला जन्मापासून ऐकू येत नाही. दहिवडीच्या आसपासच्या गावांतले आम्ही महिन्यातून एकदा एकत्र बसतो. कुणाला कोणतं औषध लागू पडलं, कोणता कागद कुठे अडला, हे एकमेकांना सांगतो. आतापर्यंत गावाकडे काही मागितलं नव्हतं. आता मागायचं ठरवलंय.

कायद्याने आमच्या मुलांना पुष्कळ दिलंय. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारची अपंगत्वं मान्य करतो. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंतचं शिक्षण मोफत. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. दिव्यांग व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही, हे तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना अलीकडेच कळलं. सगळं खरं आहे. फक्त यातल्या बहुतेक कामांची वाट साताऱ्यावरून जाते.

ती वाट कशी असते? पहाटे उठून डबा करायचा, पोराचे कपडे दोनदा बदलायचे. नऊ वर्षांचं, वीस किलोचं, मान न धरणारं मूल कडेवर घेऊन एसटीत चढायचं. तिकिटात दिव्यांगाला 75 टक्के सवलत असते, पण त्यासाठी कार्ड लागतं आणि आपण निघालेलो असतो कार्ड काढायलाच. पुसेगाव, कोरेगाव करत पोचलं की केसपेपरची रांग. खिडकीपाशी गेल्यावर कळतं की आधारवर जन्मतारखेचं नुसतं साल आहे, किंवा एक झेरॉक्स राहिलीय. परत या. त्या दिवशीचा दोघांचा रोजगार गेला तो गेलाच.

कागदाचं काम एक वेळ पुढच्या महिन्यावर टाकता येतं. थेरपी टाकता येत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओ लागते, आणि आमची पोरं दोन महिन्यांतून एकदा जातात. स्नायू आखडत जातात, गुडघे, घोटे वाकलेलेच राहतात, आणि मग डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढतात. आकडीच्या गोळ्यांचंही तसंच. गोळी चुकली की आकडी ठेवलेली.

मेंढपाळांच्या घरचं तर आणखी अवघड. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. चांगली सोय आहे. पण दिवाळीनंतर ही कुटुंबं मेंढरं घेऊन निघतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात, आणि पथक यायच्या वेळी बाळ कुठल्या तरी रानात वाड्यावर असतं. बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं होऊनही बसत नसेल, आवाजाकडे वळून बघत नसेल, तर थांबू नका. ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय. त्यात आमची वर्षं गेली.

आणि एक गोष्ट अशी, की जिच्यासाठी आम्हाला वकील हवाय. आमच्यातल्या एका मुलाला अठरा पूर्ण झाली. आईने शिरा केला, वाडीभर वाटला. महिन्याभराने ती बँकेत गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, की मुलगा आता सज्ञान आहे, सही त्यानेच करायची. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने! त्याचं संजय गांधी निराधारचं अनुदान खात्यात पडून राहिलं. यावर उपाय कायद्यातच आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेत स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती अठरानंतरचं पालकत्व देते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. त्या आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावरही नुसते कागद जमवण्यातच तिचे सात महिने गेले. पुढच्या दोन वर्षांत आमची आणखी पाच मुलं अठराची होतील.

म्हणून दहिवडीतच आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट आणायचा आमचा विचार आहे. मानधन आणि प्रवास धरून एका दिवसाचा खर्च 2,500 रुपये, म्हणजे वर्षाला 2 लाख 60 हजार. एखाद्याने एक दिवस उचलला तरी चालेल. मुंबईत माथाडी म्हणून राबणारे, परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात असलेले आपले लोक गावच्या यात्रेला वर्गणी पाठवतात, तसा वर्षातला एक दिवस आम्हाला द्यावा.

जागा हवी आहे. एसटी स्टँडपासून जवळ, तळमजल्यावर, पायऱ्या नसलेली, संडास असलेली एक खोली. पायऱ्या नकोत हे पुन्हा सांगतो, कारण आतापर्यंत दाखवलेल्या तिन्ही जागा वरच्या मजल्यावर होत्या.

निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांचा महिन्यातला एक रविवार हवा, अर्ज तपासायला आणि झेरॉक्स मोजायला. पालकत्वाचे अर्ज नीट लिहून देणारा एक वकील हवा. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी एक फेरी मारावी, डिझेल आम्ही घालू.

ग्रामपंचायतींना वेगळी विनंती. स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. घरपट्टीच वसूल होत नाही तिथे त्या 5 टक्क्यांचे किती होणार, हे आम्हालाही माहीत आहे. तरी जे होतील ते दिवाळीला भांडी वाटण्यात घालवू नका. चार ग्रामपंचायतींनी मिळून एका महिन्याची थेरपी उचलावी.

मुलांचे फोटो टाका म्हणजे लोक लवकर देतील, असं काहींनी सुचवलं. टाकणार नाही. बघायचं असेल तर येऊन भेटा, चहा देऊ. आमची नोंदणी अजून व्हायची आहे, त्यामुळे 80जी ची करसवलत मिळणार नाही. ज्यांना ती हवीच आहे त्यांनी नोंदणी होईपर्यंत थांबावं.

आठवडी बाजारादिवशी स्टँडबाहेर आमचं टेबल असतं. पावती तिथेच मिळेल आणि महिन्याचा हिशेब तिथल्याच फळ्यावर लिहिलेला असेल. पैसे नसतील तर खोलीचा पत्ता सांगून जा.