ख्रिसमसला बोलावलंय तर जा

सोन्या,

तुझा मेसेज रात्री बघितला पण ड्युटीवरून आले ती आडवीच झाले, आज सुट्टी आहे म्हणून निवांत लिहितेय, आणि व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक तू वाचणार नाहीस म्हणून मेल करतेय. तर तू विचारलंस की तिकडे कॅनडात घरमालकिणीने २४ तारखेला रात्री बारा वाजता जेवायला बोलावलंय, सगळे फिलिपिनो, मी एकटाच परका, ओळख धड झालेली नाही, कसंतरीच वाटेल, काय करू. अरे काय करू काय, जा. आणि बारा म्हणजे बाराच, "मी आपला आधी थोडं खाऊन जातो" असला शहाणपणा करू नकोस, तिथे उपाशीपोटी गेलास तरी ताटातलं संपणार नाही एवढं वाढतील.

तुला परके कसे वाटले हेच मला कळत नाहीये. इथे दुबईत लहान असताना अर्धा वेळ तू खालच्या मजल्यावरच्या आतेकडे पडीक असायचास. (तिचं खरं नाव तुला आठवत नसेल, सगळी बिल्डिंग तिला आतेच म्हणायची, फिलिपिनो लोकांत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.) सप्टेंबर उजाडला की तिच्या खिडकीत पारोल लागायचा, तो पाच टोकांचा चांदणीसारखा कंदील, आपला दिवाळीचा कंदील माळ्यावरून खाली यायच्या कितीतरी आधी. बाबा दरवर्षी चेष्टा करायचे की हिचा ख्रिसमस गणपतीतच सुरू होतो. पण ते सगळ्यांचंच तसं आहे, महिन्याच्या नावाच्या शेवटी "बर" आलं की झालं, १ सप्टेंबरला माझ्या लॅबच्या ग्रुपवर त्या होजे मारी चान नावाच्या, ख्रिसमसची गाणी गाणाऱ्या गायकाचे मीम्स पडायला लागतात आणि दुपारपर्यंत कोणीतरी सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या कधी काढायच्या ते विचारतं.

तुला सिंबांग गाबीला एकदा नेलं होतं, आठवतंय का? ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस त्यांची ती प्रार्थना असते, त्यांच्या देशात पहाटे तीन-चारला, कारण शेतावर जायच्या आधी लोकांना येता यावं म्हणून ती पद्धत पडली. इथे पहाटे कोण येणार, कुणी मॉलमध्ये, कुणी हॉस्पिटलमध्ये, कुणी लोकांच्या घरी पोरं सांभाळतंय, म्हणून इथे ती संध्याकाळी आणि १५ तारखेपासूनच. आत जागा पुरत नाही म्हणून बाहेर अंगणात खुर्च्या आणि त्यांच्या मागे उभी असलेली माणसं थेट गेटपर्यंत, युनिफॉर्मवरच आलेली, छातीवर नावाची पट्टी अजून तशीच, पायात दिवसभर उभं राहायचे काळे बूट. नऊच्या नऊ दिवस केलं की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. आमच्या लॅबमधली एक तर रोस्टर हातात आला की आधी ते नऊ दिवस बघते आणि मग माझ्यामागे लागते, तू माझी इव्हिनिंग घे, मी तुझी दिवाळीची घेते. आमचा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला सांगायला हरकत नाही की त्यात फायदा माझाच होतो, कारण नंतर डब्यातून बिबिंग्का येते, तांदळाच्या पिठाचा केळीच्या पानावर भाजलेला केक, वर खारवलेलं अंडं आणि चीज, ऐकायला विचित्र आहे पण गरम असताना खाऊन बघ. जांभळा पुतो बुम्बोंग मिळाला तर तो पण सोडू नकोस, चिकट तांदूळ बांबूच्या नळीत वाफवतात आणि वर ओलं खोबरं न् काळपट साखर, तुझ्या आजीला दिला असता तर तिने दुसऱ्यांदा मागून घेतला असता.

(त्याच चर्चमध्ये कोकणीतून पण मिस्सा होते बरं का, गोव्याचे लोक पूर्वी शुक्रवारी झाडून तिथे. २०२२ च्या जानेवारीत इथला वीकेंड शनिवार-रविवार झाला तेव्हा सगळ्यांचंच वेळापत्रक बदललं, देवाचं पण.)

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय मला. तू लिहिलंस की "त्यांचं बरं असतं, ते लोक कायम हॅपी असतात, कुठेही पार्टी करतात". हे इथेही सगळे म्हणतात आणि मला ते आवडत नाही. हॅपी बिपी काही नसतं रे, त्यामागे कुणाच्यातरी याद्या असतात, वर्गणी असते, हॉल बुक करायची धावपळ असते, परवानगीचे कागद असतात. जानेवारीत सेबू बेटाकडच्या लोकांचा सिनुलोग असतो, तिसऱ्या रविवारी, सांतो निन्यो म्हणजे बाळ येशूचा. ती मूर्ती मॅगेलन नावाच्या दर्यावर्दीने १५२१ मध्ये तिकडे आणली म्हणतात. दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा ढोलावर नाच. त्या नाचासाठी माझ्या ओळखीच्या बायका नोव्हेंबरपासून ड्युटी संपल्यावर पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करतात, वॉचमन हाकलतो, मग दुसऱ्या बिल्डिंगच्या मागे जातात. ड्रेस शिवणारी एकच बाई, ती पण दिवसा कुठेतरी सेल्समध्ये. मे महिन्यात सांताक्रूझान, त्यात राण्यांची मिरवणूक, रेयना एलेना म्हणजे मुख्य राणी कोण होणार यावरून आपल्या मंडळात अध्यक्षपदावरून होतात त्याच्यापेक्षा जास्त रुसवेफुगवे. १२ जूनला त्यांचा स्वातंत्र्यदिन. आणि वर्षभर बास्केटबॉल! शाळेचं ग्राउंड भाड्याने घेऊन लीग चालवतात, जर्सीवर गावाचं नाव, हरले तरी ट्रॉफीच्या फोटोत सगळे.

बाकोलोद म्हणून त्यांच्याकडे एक शहर आहे, साखरेच्या पट्ट्यातलं. १९८० मध्ये साखरेचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉन ह्वान नावाची बोट बुडाली, त्यात त्या भागातली शेकडो माणसं गेली. गावात घराघरात सुतक. तर तिथल्या लोकांनी त्याच साली ऑक्टोबरमध्ये उत्सव काढला, मास्कारा, सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्याचे मुखवटे घालून नाचायचं. हे मला तिकडचीच एक नर्स सांगत होती, आणि सांगताना म्हणाली की मुखवटा कशाला लागतो ते बाहेरच्यांना कळत नाही. मी काय बोलणार.

हे लोक इथे आले ते पण असेच सहज फिरायला नव्हते आले. १९७४ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या सरकारने लेबर कोड म्हणजे कामगार कायदा काढला, देशात नोकऱ्या नाहीत आणि इकडे आखातात तेलाचा पैसा वाहतोय, तर माणसं बाहेर पाठवायची, तेवढ्यापुरता उपाय म्हणून. तो तेवढ्यापुरता उपाय अजून चालूच आहे. २०२३ मध्ये बाहेरच्या फिलिपिनोंनी बँकेतून घरी पाठवलेला पैसा ३३ अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यांच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो १९८८ मध्ये हाँगकाँगला गेल्या तेव्हा तिथल्या घरकाम करणाऱ्या बायकांना नवे हिरो म्हणाल्या, आणि अजूनही तेच ऐकवतात. आते यावर काय म्हणायची माहितीय, हिरोला सुट्टी किती मिळते ते विचार.

तिची दोन मुलं तिच्या आईकडे, गावी. इथे कुटुंब आणायचं तर पगाराची अट, चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायची जागा, आणि ती कॅशियर होती. त्यामुळे आपल्याला तू जवळ ठेवता आलास आणि तिला तिची ठेवता आली नाहीत, एवढाच काय तो फरक, बाकी ती माझ्यापेक्षा हुशार होती. ती राहायची तो फ्लॅट दोन बेडरूमचा आणि माणसं किती ते मी कधी मोजली नाहीत, प्लायवूडची पार्टिशनं, बेडला पडदा, पडद्याच्या आत कपडे चपला देव मोबाईल चार्जर सगळं. तुला ती तिथे पडद्याआड बसवून चॉकलेट द्यायची, तुझ्या वयाचाच तिचा धाकटा.

आणि तो बॉक्स! तुला नक्की आठवत असेल कारण तू त्यात लपून बसायचास. बालिकबायान बॉक्स, गावी घरच्यांना सामान पाठवायचा. फ्रिजच्या खोक्याएवढं ते खोकं वर्षभर तिच्या बेडच्या पायथ्याशी उघडं असायचं आणि सेल लागला की एकेक वस्तू त्यात पडायची, साबण, शाम्पू, दूध पावडरचे डबे, कॉर्न्ड बीफ, टॉवेल, धाकट्याचे बूट. बूट घेताना ती मुलाच्या पावलाचा कागदावर काढलेला आकार पर्समधून काढायची, आणि तो जुना झालेला असणार म्हणून एक नंबर मोठाच घ्यायची. मोज्यात चॉकलेटं कोंबायची म्हणजे जागा वाया जात नाही. शेवटी चार जणी खोक्यावर बसून झाकण दाबायच्या आणि पाचवी टेप मारायची, मार्करने चारी बाजूंनी नाव. बोटीने जातं ना ते, महिना-दीड महिना सहज, म्हणून ख्रिसमसला पोचवायचं तर ऑक्टोबर उलटून चालत नाही. २०१५ मध्ये तिकडच्या कस्टमने हे बॉक्स उघडून तपासायचं काढलं तेव्हा जगभरातले फिलिपिनो इतके भडकले की त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना सांगावं लागलं, सरसकट उघडू नका. आमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

पैशाची बाजू पण सांगते, नाहीतर तुला वाटेल आई नुसतं कौतुक करतेय. यांच्यात पालुवागान असतं, म्हणजे आपली भिशीच, दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे आणि एकीने उचलायचे, आणि डिसेंबरचा नंबर कुणाला यावरून मारामारी. मी पण होते एका ग्रुपमध्ये. एका वर्षी पहिल्या दोन नंबरवाल्यांनी उचलले आणि नोकरी सोडून निघून गेल्या, मागच्यांनी बोंबलत बसायचं. शिवाय गावाकडून फोन, याची फी, त्याचं छप्पर, चुलतभावाचा बाप्तिस्मा, नाही म्हणायचं कसं. तिकडे प्रत्येकाला वाटतं दुबईत पैसे झाडाला लागतात (आपल्याकडे चिपळूणला काय वेगळं वाटतं म्हणा). क्रेडिट कार्डावर ख्रिसमस करून मार्चपर्यंत हप्ते भरणारे मी बघितलेत आणि मला ते पटत नाही, तोंडावर बोलले पण आहे.

पण २०१३ पण बघितलंय. नोव्हेंबरमध्ये हैयान वादळ आलं, ते लोक योलांडा म्हणतात, ताक्लोबान शहर धुऊन गेलं, सहा हजारांवर माणसं गेली. आमच्याकडच्या एका मुलीचं घर त्या बाजूला, कितीतरी दिवस फोन लागत नव्हता आणि ती रोज कामावर येऊन सॅम्पल लावत होती कारण रूमवर बसून करणार काय. इथे उघड वर्गणी गोळा करायला बंदी, कायदा कडक आहे. तर यांनी काय केलं, ज्याच्या ज्याच्या घरी बॉक्स अर्धा भरलेला होता त्याने तो काढला, स्वतःच्या घरच्यांचं सामान बाजूला ठेवलं आणि त्यात तांदूळ, टॉर्च, चादरी भरून ओळखीतल्याच घरांना पाठवले. त्या वर्षी पण पार्टी झाली हं. कमी जेवण, गिफ्ट नाही, पण झाली, आणि त्या मुलीच्या आईचा फोन लागला होता तोपर्यंत.

तर आता तुझ्याकडे येते. तुझ्या विनिपेगचं प्रकरण वेगळं आहे. तिथे साठच्या दशकाच्या शेवटापासून कपड्यांच्या कारखान्यांत फिलिपिनो बायका शिवणकामाला गेल्या, तू म्हणालास ना घरमालकिणीची आई शिलाईतच होती. कॅनडात राहता येतं, नागरिक होता येतं, आईबापांना आणता येतं. म्हणजे त्या घरात आजी आहे, नातवंडं आहेत, सगळे एका टेबलावर. मी इथे इतक्या नोचे बुएना (२४ च्या रात्रीचं हे बारा वाजताचं जेवण) बघितल्या पण अशी एकही नाही रे, आमच्याकडे बारा वाजले की प्रत्येक जण आपापला फोन घेऊन कोपऱ्यात जातो, तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतात, पोरं डोळे चोळत स्क्रीनवर येतात. तू जाऊन बघ आणि मला सांग कसं असतं ते.

आता कामाचं. पोर्क आणि बीफ खात नाहीस ते आजच सांगून टाक, तिथे ताटावर बसून सांगू नकोस. हॅम असणारच, लुम्प्या म्हणजे तळलेल्या रोलमध्ये पण बहुतेक पोर्क असतं, पान्सित म्हणजे नूडल्समध्ये कोळंबी आणि पोर्क दोन्ही असू शकतं, विचारलं तर कोणी रागवत नाही, तुझ्यासाठी चिकनचा वेगळा करतील. गोड स्पॅगेटीत पण बहुतेक खिमा आणि हॉटडॉग असतात, ते पण विचार. लाल मेणातलं गोल चीज, लेचे फ्लान म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड, हे बिनधास्त. केळीच्या पानावर मांडून हाताने जेवायचा बेत असला तर तू हिरो ठरशील. आजी असेल तिचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, लहानांनी मोठ्यांना करायची पद्धत आहे, तू केलंस तर सगळे टाळ्या वाजवतील, लाजू नकोस. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, मी पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांतले उरले असतील तर ने (उरले असतील का?), नाहीतर फळं. निघताना फॉइलमध्ये बांधून देतील, नको नको करत बसू नकोस, घे, दोन दिवस स्वयंपाक वाचेल.

आणि कराओके चुकणार नाही हे लिहून ठेव. मशीनवर स्कोर येतो आणि पंचाहत्तर वर्षांची आजी ९८ काढते. एक इंग्रजी गाणं तयार ठेव आणि एक किशोरचं, मशीनमध्ये नसलं तर यूट्यूबवर ट्रॅक मिळतो. बाबा म्हणतायत गाऊ देऊ नकोस त्याला, घर खाली करायला सांगतील. त्यांचं ऐकू नकोस, पण प्रॅक्टिस कर.

– आई

ता. क. बारानंतर पायी येऊ नकोस कुठे, त्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहतोस हे मला माहितीय, तरी सांगतेय.