श्वास मोजा, मग खोकल्याचे बघू

संपादक महोदय,

ग्वाल्हेरची थंडी वाढली की लष्कर भागातल्या घरांत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटते. तो धूर तान्ह्या मुलांना फार बाधतो. न्यूमोनियाचा धोका त्यानेही वाढतो. या आजारात फुप्फुसातले वायुकोश पू आणि द्रवाने भरतात, प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेते. खोकला किती जोराचा आहे यावरून काही ठरत नाही. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, अंगावरचे कपडे वर करून पूर्ण १ मिनिट श्वास मोजावेत. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये. बाळांचा श्वास अनियमित असतो. २ महिन्यांखाली ६०, १ वर्षाखाली ५०, ५ वर्षांखाली ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. २ महिन्यांखालचे बाळ थेट रुग्णालयात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कोणत्याही वयात रुग्णालयच. कृपा करून मागच्या आजारातले उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूपासून वाचवणारी न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांवर मोफत मिळते: बाळ ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांचे झाल्यावर.

– एक बालरोगतज्ज्ञ, ग्वाल्हेर