सळईची टोकं घासून देणाऱ्या मामांना

मामा, सा. न. वि. वि.

दिवाळीपासून तुम्ही उद्यमनगरातल्या दुकानात येत नाही, गुडघ्यांमुळे घरीच असता, हे तुमच्या मुलाकडून कळलं. भेटायला येणारच आहे. पण काही गोष्टी मला तुमच्यासमोर बोलता येत नाहीत. मी सुरुवात केली की तुम्ही "चहा घ्या मास्तर" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. गेल्या महिन्यात मी आठ एमएमची, सात इंच लांबीची ब्राइट सळई हातांनी वाकवली, त्याचा व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, तुमचे कोच कोण? त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यायचं आहे. ग्रील आणि गेटं करणारे कोल्हापूरचे एक मामा, वय चौऱ्याहत्तर.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. पॉवरलिफ्टिंग पंधरा वर्षं करत होतो, चाळिशीनंतर मास्टर्स गटात उतरायला लागलो होतो. त्या वर्षीच्या स्पर्धेत डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून दांडी उचलून ताठ उभं राहायच्या प्रकारात, दोनशे किलो गुडघ्यांच्या वर आले, पाठ जवळजवळ सरळ झाली आणि उजव्या हाताची बोटं उघडली. कमरेत जोर शिल्लक होता. स्पर्धेत मनगटाला पट्टे बांधून दांडी धरता येत नाही, जे काही आहे ते बोटांतच असावं लागतं. घरी परत येताना बसमध्ये मी सारखा त्या हाताकडे बघत होतो.

मग पकडीच्या मागे लागलो. 'कॅप्टन्स ऑफ क्रश' नावाचे अमेरिकन ग्रिपर असतात, जाड स्प्रिंगचे, मुठीत दाबून मिटायचे, नंबरवारी चढत जाणारे. एक नंबरचा १४० पौंडांचा, दोनचा १९५, तीनचा २८०. एक नंबर पूर्ण मिटायला मला चार महिने लागले, दोन नंबरने वर्ष घेतलं. त्याच नादात सळया वाकवणाऱ्यांबद्दल वाचायला लागलो. पोलंडमध्ये १८९३ साली जन्मलेला जोसेफ ग्रीनस्टीन अमेरिकेत 'माइटी ॲटम' म्हणून गाजला आणि ऐंशी ओलांडल्यावरही लोखंड वाकवून दाखवत होता. आपल्याकडे आंध्रचे कोडी राममूर्ती नायडू छातीच्या जोराने साखळ्या तोडायचे. आणि ग्रिपर करणाऱ्या त्याच आयर्नमाइंड कंपनीची एक कसोटी आहे, 'रेड नेल' नावाची. पाच-सोळांश इंच जाडीची, सात इंच लांबीची सळई, फक्त हातांच्या जोरावर, एका मिनिटाच्या आत, दोन्ही टोकं दोन इंचांच्या आत येईपर्यंत वाकवायची. पाच-सोळांश इंच म्हणजे जवळजवळ आपली आठ एमएम. ते वाचलं त्याच संध्याकाळी तुमच्या दुकानात आलो आणि दहा एमएमची एक सळई मागितली. आठची कसोटी असेल तर आपण दहाने तयारी करावी, एवढाच हिशोब डोक्यात होता.

तुम्ही विचारलंत, "गेटाला का ग्रीलला?"

"हाताने वाकवायला," मी म्हटलं.

तुम्ही हसला नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं मामा, कारण त्याआधी ज्याला ज्याला सांगितलं होतं तो हसला होता. तुम्ही माझा हात हातात घेतलात, उलटा केलात, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितलंत, मनगट फिरवलंत. मग आत जाऊन पाच एमएमच्या काळ्या सळईचा फूटभर तुकडा कापलात. तो व्हाइसमध्ये धरून कानशीने दोन्ही टोकं गोल केलीत, अंगठा फिरवून बघितलात आणि माझ्या हातात दिलात. "ही वाकवून आणा. मग पुढचं बघू."

मी गणित शिकवतो. घनाचं सूत्र आठवीच्या पोरांकडून पाठ करून घेतो. तरी पाचाची आणि दहाची सळई यांत वाकवण्याच्या बाबतीत दुप्पट नाही, आठपट फरक असतो हे मला तुमच्या बाकड्यावर बसून कळलं. सळईचं वजन काढायचं सूत्र तुम्ही भिंतीवर खडूने लिहून दाखवलंत, जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. सहाची मीटरला २२२ ग्रॅम, आठची ३९५. मग म्हणालात, "मास्तर, जाडी वाढली की वजन येगळं वाढतंय आणि हट्ट येगळा वाढतोय." रात्री घरी कागद घेऊन बसलो. वजन वर्गाने वाढतं, वाकायला लागणारा जोर घनाने. सहावरून आठवर गेलं की वजन पावणेदोनपटीच्या आसपास, आणि हट्ट जवळजवळ दोन पूर्णांक चारपट. तुमचा शब्द मी आता वर्गात वापरतो. पोरांना घन लगेच कळतो.

लांबीचंही तेच. नवख्याला वाटतं, तुकडा जितका छोटा तितका सोपा. पण सळई आखूड झाली की हातांना तरफ मिळत नाही, आणि तीच सळई दुप्पट कठीण होऊन बसते. तुम्ही म्हणूनच जाडी सहा महिने हलवली नाहीत आणि लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने खाली आणलीत. बारा, साडेअकरा, अकरा. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी यायचो तेव्हा पुढचा तुकडा बाकड्यावर तयार असायचा.

लोखंडाची जातही तुम्हीच ओळखायला शिकवलीत. काळी सळई गरम असताना लाटलेली, नरम, हाताला लवकर ऐकणारी. ब्राइट बार थंड ओढलेला, चकचकीत, त्याच जाडीला कितीतरी कडक. बांधकामावरची टीएमटी वरून टणक, आतून मऊ, अंगावर कंगोरे, आणि 'फे ५००' दर्जाची म्हटल्यावर साध्या लोखंडाच्या दुप्पट ताण सोसणारी. कानस, ड्रिल, स्प्रिंगची पट्टी, ॲलन की यांना हात लावायचा नाही अशी तुम्ही मला शपथच घातली होती, कारण त्या वाकत नाहीत, तुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो. लहानपणी जत्रेत गळ्यावर सळई टेकवून वाकवणारा माणूस तुम्ही पाहिला होता. त्याचं वर्णन करून झाल्यावर तुम्ही माझ्याकडून दुसरी शपथ घेतलीत.

आणि एकदा मी अर्धवट वाकलेली सळई पुढच्या शनिवारी पूर्ण करायला घेऊन आलो, तर तुम्ही ती सरळ भंगारात टाकलीत. वाकलेल्या जागी लोखंड कडक होऊन बसतं, जिथे हरलो तिथेच ते जास्त ताठ होतं, म्हणून नवी घ्यायची, हे तुम्ही सांगितलंत. नवी सळई मी तुमच्यासमोर एका दमात वाकवली. तुम्ही माझं बोट धरून सळई जिथे वाकली होती तिथे टेकवलंत. गरम होतं. "तुमचा जोर हितं ऱ्हायला," म्हणालात.

हाताला गुंडाळायला कॅनव्हासच्या पट्ट्या मी बाहेरून आणल्या होत्या, त्या घसरायच्या. तुम्ही कोल्हापुरी चपला करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या घरातून कमावलेल्या चामड्याचे दोन तुकडे आणून दिलेत. तेच अजून वापरतो. तीन वर्षांत ते माझ्या मुठीच्या आकाराचे झालेत.

तुम्ही स्वतः कधी सळई हातांनी वाकवली नव्हती. पण पेठेतल्या तालमीत दहा वर्षं घालवली होती, आणि दुकानात खाशाबा जाधवांच्या फोटोखाली बसून तुम्ही माझी कोपरं बघत होतात. सळई हनुवटीखाली धरून, तळवे खाली करून दाबताना माझी कोपरं बाहेर फाकायची आणि सगळा भार मनगटावर यायचा. "पट काढताना कोपरं कुठं असत्यात?" एवढंच विचारलंत. मी कुस्ती खेळलेलो नाही, तरी कळलं. कोपरं बरगड्यांना लावली आणि पाठ कामाला आली. पहिला बाक पडायला लागणारा जोर बोटांतून येत नाही, तो छाती आणि पाठीतून येतो आणि बोटांनी फक्त तो गळू द्यायचा नसतो. हे मला इंटरनेटवरच्या शंभर व्हिडिओंतून कळलं नव्हतं.

आता त्या पावसाळ्याबद्दल. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

दुसऱ्या वर्षी जुलैत मी तुमच्याकडे आठ एमएम मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात. "हाताला ऐकायची न्हाई अजून." मला राग आला होता. एका बांधकामावरून आठच्या टीएमटीचा तुकडा आणला आणि घरी, दार लावून, चार दिवस सलग तिच्यावर तुटून पडलो. ती वाकली नाही. पाचव्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूने अशी कळ आली की खडू खाली पडला. पोरं उचलून द्यायला धावली. पुढे तीन महिने मी डाव्या हाताने लिहिलं.

फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितलं की स्नायू लवकर तयार होतो, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला रक्त कमी मिळतं, ती सावकाश तयार होते, आणि पंचेचाळिशीनंतर तर फारच सावकाश. तुम्ही वर्षभर अर्धा-अर्धा इंच का चालला होतात ते मला त्यांच्या टेबलावर झोपून कळलं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. दोन शनिवार आलो नाही. तिसऱ्या शनिवारी तुमच्या मुलाचा फोन आला, बाबांनी बोलावलंय.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. घमेलं भरून जोंधळा ठेवला होतात, त्यात हात खुपसून बोटं उघडायची आणि मिटायची, दुखेल तिथे थांबायचं. बोटं मिटणाऱ्या बाजूला आपण रोज जोर देतो, उघडणाऱ्या बाजूला कुणी विचारत नाही. फिजिओने दिलेल्या रबरबँडचंही तेच कारण होतं, तुम्ही तेच घमेल्यातून सांगितलंत. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. वजनाच्या सूत्राशेजारी तुम्ही खडूने माझा हिशोब ठेवायचात. तारीख, जाडी, लांबी. मी न आलेल्या दोन्ही शनिवारांच्या तारखा तिथे होत्या. त्यांच्यापुढे जाडी नव्हती, लांबी नव्हती, "विश्रांती" असं लिहिलं होतं. त्यानंतरचे दहा शनिवार तुम्ही तसंच लिहिलंत. मी यायचो, घमेल्यात हात घालून बसायचो, चहा प्यायचो आणि जाताना तुम्ही तारीख घालून "विश्रांती" लिहायचात, बाकीच्या ओळींइतक्याच ठळक अक्षरात.

मामा, मी आयुष्यभर वह्या ठेवत आलोय, वजनांच्या, सेट्सच्या. सुट्टीचा दिवस कधी लिहिला नव्हता. तो कोराच असायचा, चुकल्यासारखा. तुम्ही तो व्यायामाच्या रांगेत लिहिलात. आजही कोपर कुरकुरलं की मी वहीत तो शब्द लिहितो आणि झोपी जातो, अपराधी न वाटता.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. पुन्हा पाचापासून सुरू केलं. सहा, मग सहा ब्राइट, मग आठ काळी. गेल्या महिन्यात आठ ब्राइट, सात इंच. बाक पडला तो क्षण व्हिडिओत दिसत नाही, कारण तो अगदी लहान असतो, सळईच्या पोटात काहीतरी सैल झाल्यासारखं बोटांना जाणवतं. मग खाली ओढत नेणं, आणि शेवटी बोटं एकमेकांत गुंफून तळव्यांनी मिटवणं. बावन्न सेकंद लागले. तुम्ही दुकानात नव्हता. तुमची खुर्ची रिकामी होती, मी तिच्याकडे तोंड करून वाकवली.

त्या सळईचं वजन सत्तर ग्रॅम. तीन वर्षांत तुम्ही मला असे दोनशेच्या वर तुकडे दिलेत आणि एकदाही पैसे घेतले नाहीत. "भंगारातलं हाय," म्हणायचात. लोखंड भंगारातलं असेल. पण प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं कानशीने घासलेली होती, अंगठा फिरवून तपासलेली होती, ग्रीलची गिऱ्हाइकं उभी असली तरी. एकाही टोकाने माझा तळवा कधी कापला नाही. चारशेच्या वर टोकं होतात ती. मी मोजली.

शनिवारी घरी येतोय. तुमच्या मुलाकडून साडेसहा इंचाचे दोन तुकडे कापून घेतलेत, टोकं घासू नको म्हणून सांगितलंय. कानसही त्याच्याकडून घेतोय. यावेळी मी घासतो, तुम्ही अंगठा फिरवून बघा.

तुमचा,
मास्तर