सभामंडपाच्या आधी एकदा दगड बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर नेहमी एक बातमी असते, अमुक गावच्या देवळाच्या सभामंडपासाठी इतके लाख मंजूर, भूमिपूजन झालं, मान्यवर उपस्थित होते. ती वाचून गावाला आनंद होतो आणि व्हायलाच पाहिजे, देवळापुढं सावली झाली, लग्नकार्याला जागा झाली तर कुणाला नको आहे. पण हल्ली ही बातमी वाचली की मला पहिल्यांदा धास्ती वाटते, की ते देऊळ किती जुनं आहे, तिथं काय काय पडलेलं आहे आणि कुणी बघितलं का ते, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सरकार वारसा जपण्यासाठी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही कारण ते खरं नाही. जुलै 2025 मध्ये शिवरायांचे 11 किल्ले आपले आणि तामिळनाडूतला जिंजी असे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामागं केंद्राचं आणि राज्याचं बरंच काम आहे. आपल्या सोलापुरात इंद्रभुवनची इमारत स्मार्ट सिटीतून दुरुस्त झाली, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू आता पुन्हा बघत राहावी अशी दिसते. डॉ. कोटणीसांचं घर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलंय, 1938 ला चीनला गेलेला आपल्या गावचा डॉक्टर पोरांना तिथं कळतो. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्व खात्याकडं आहे, आत बाग आहे, देखभाल आहे. हे सगळं चांगलंच आहे.

पण महाराष्ट्रात केंद्राच्या यादीत स्मारकं आहेत साधारण 285 आणि राज्याच्या यादीत पावणेचारशेच्या आसपास. आता तुम्हीच सांगा, एका आपल्या जिल्ह्यातल्या गावागावातले वीरगळ, सतीशिळा, बारवा, दीपमाळा, वेशी, दर्गे, गढ्या मोजल्या तर त्या आकड्यात मावतील का. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा ह्या भागात तर चार गावं फिरलात की कुठल्यातरी मारुतीच्या पाराला एखादा वीरगळ टेकवून ठेवलेला दिसतोच दिसतो, खाली गाई पळवायला आलेल्यांशी लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो शंकराच्या पिंडीपुढं बसलेला. हजार-आठशे वर्षांपूर्वी आपल्याच गावासाठी मेलेला माणूस आहे तो. त्याचं नाव कुठल्याही सरकारी यादीत नाही, म्हणजे त्याचं काहीही करायला कुणाची परवानगी लागत नाही.

यादीत असलेल्याचं आणि नसलेल्याचं किती अंतर आहे बघा. स्मारकांच्या कायद्यात 2010 ला झालेल्या बदलानंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढं 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊन. किल्ल्याच्या शेजारी राहणाऱ्याला घराची दुरुस्ती करायची म्हटलं तरी एनओसीसाठी कागद घेऊन फिरावं लागतं, त्या लोकांचा त्रास मी बघितलाय आणि तो कमी व्हायला पाहिजे असंच मला वाटतं. आणि दुसरीकडं त्याच जिल्ह्यात यादवांच्या काळातलं एखादं देऊळ, त्याच्या खांबाला ग्राइंडर लावला तरी विचारणारं कुणी नाही.

मी ज्या गावाबद्दल सांगतो त्याचं नाव घेत नाही, कारण गाव चांगलं आहे, माणसं भाविक आहेत आणि कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. देऊळ काळ्या दगडाचं, मंडपाचे खांब कोरीव. निधी आला, कंत्राटदार आला, महिन्याभरात भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा, खाली चकचकीत टाइल्स, खांबांना पिवळा आणि चॉकलेटी ऑइल पेंट. उंबऱ्याजवळ एका दगडावर अक्षरं होती, कानडी वळणाची, मी स्वतः हात फिरवलेला त्याच्यावर. टाइल्सची लेव्हल बसेना म्हणून तो दगड काढला आणि पुढं तो कुठं गेला कुणाला माहीत नाही. बाहेरचे दोन वीरगळ पायरीला वापरले. उद्घाटनाला मीही होतो, जेवणावळ झाली, सगळे खूश होते, आणि ती अक्षरं काय सांगत होती ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

ह्याचं दुःख किती मोठं आहे ते समजायला कुडलला जाऊन या. हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, सोलापूरपासून तासाभराच्या आत. संगमेश्वराच्या मंडपात वर तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे आणि त्यात ओळ आहे, वाछि तो विजेया होईवा, म्हणजे हे वाचील तो विजयी होईल. मराठीतल्या अगदी पहिल्या लेखांत त्याची गणना होते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले, ते असल्या दगडांच्या जोरावरच. आता त्या तुळईला शंभर वर्षांपूर्वी कुणी प्रेमानं डिस्टेंपरचे चार हात मारले असते तर? किंवा तुळई जुनी झाली म्हणून काढून स्लॅब टाकला असता तर? शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ तर मातीच्या ढिगाखालून मोकळं करावं लागलं आणि तिथं शेकडो मुखांचं शिवलिंग मिळालं, आज लांबून लांबून लोक बघायला येतात. माती बरी ओ, मातीनं सांभाळून ठेवलं. सिमेंट सांभाळत नाही.

सांभाळत नाही म्हणजे काय तेही सांगतो, कारण आमच्याकडं अजून बऱ्याच जणांना वाटतं की सिमेंट म्हणजे मजबुती. जुनं बांधकाम चुन्यातलं असो की नुसतं दगडात दगड बसवून केलेलं असो, भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडून वाळून जातं. वरून सिमेंटचा जाड थर बसला की ओल आत कोंडते, त्या पाण्यातले क्षार दगडाच्या पोटात साठतात, फुगतात, मग पाच-दहा वर्षात दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात आणि नेमकं कोरीव काम आधी जातं. ऑइल पेंटचंही तेच. तो काढायला म्हणून मग सँडब्लास्टिंग करतात, त्यात रंगाबरोबर नाकडोळेही झिजून जातात. जुने गवंडी चुना घाण्यात मळायचे, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असलं काय काय घालायचे, ते काम येणारी माणसं अजून आहेत पण त्यांना काम कोण देणार, एस्टिमेटमध्ये चुन्याचा रेटच नसतो.

आणि हे कुणी मला अतिशयोक्ती म्हणू नये म्हणून पंढरपूरचं उदाहरण देतो. विठ्ठल मंदिराला मूळ रूप यावं म्हणून सरकारनं 73 कोटी 85 लाखांचा आराखडा मंजूर केला, पुरातत्व खात्याच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, 2024 मध्ये मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं, वारकऱ्यांनी ते समजून घेतलं. त्या कामात केलं काय, तर मधल्या काळात कुणीकुणी भक्तीनं बसवलेलं मार्बल, ग्रॅनाइट काढलं, आतला मूळ दगड मोकळा केला. काम चालू असतानाच तळघर लागलं, त्यात मूर्ती निघाल्या. म्हणजे मोठ्या देवस्थानात आधी बसवलेल्या फरशा काढायला सरकार कोट्यवधी खर्च करतंय, आणि त्याच जिल्ह्यात लहान गावांतल्या देवळात नव्या फरशा बसवायलाही पैसा सरकारच देतंय. आमदार निधी, क वर्ग तीर्थक्षेत्र, जिल्हा नियोजन, कुठल्या हेडमधून का असेना, पैसा जनतेचाच. एक खातं जे जपायला निघालंय ते दुसरं खातं न कळत झाकून टाकतंय, आणि दोघांची गाठच पडत नाही. माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर आहे.

त्यामुळं नवीन योजना काढा असं मी मागतच नाही. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी गडकिल्ले, मंदिरं, स्मारकं ह्यांच्या जतनाला वापरायचा असं राज्याचं धोरण आहेच. त्यातला थोडा भाग आधी नोंदीला वापरा. प्रत्येक तालुक्यात गावनिहाय फिरून काय कुठं आहे त्याचा फोटो, मोजमाप, जागेचं लोकेशन, आणि अक्षरं असली तर त्याचा ठसा. हे काही फार खर्चाचं काम नाही, कॉलेजची इतिहासाची पोरं करू शकतात, आपल्या विद्यापीठाला तर अहिल्यादेवींचं नाव आहे, ज्या बाईनं देशभर घाट आणि देवळं बांधली, त्या विद्यापीठानं हे मनावर घेतलं तर पोरं उत्साहानं फिरतील. आनंद कुंभार ह्यांनी नोकरी सांभाळून, गावोगाव पायपीट करून जिल्ह्यातले शिलालेख शोधले, वाचले, लोकांपुढं आणले. एका माणसानं एवढं केलं. सरकारी यंत्रणेनं मनात आणलं तर काय होणार नाही.

मात्र ह्या कामाला आपल्या सोलापूरच्या सगळ्या भाषा लागतील. इथले जुने लेख बरेचसे जुन्या कानडीत आहेत, दर्ग्यांवर आणि किल्ल्यात फारसी आहे, आणि ते वाचणारी माणसं दिवसेंदिवस कमी होतायत. जपायचं ते नुसतं दगडाचंही नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांची प्रदक्षिणा होते, ती लिंगं आज कुठं बोळात, कुठं घरांच्या मध्ये, कुठं ट्रान्सफॉर्मरच्या कडेला आहेत, त्यांची वाट मोकळी राहणं हाही वारसाच. पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी हे शहर विणून उभं केलं, त्यातले हातमागावर हुबेहूब चेहरा विणणारे म्हातारे कारागीर आता बोटावर मोजण्याएवढे राहिलेत. चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण माग विकला गेला की तो भंगारात किलोवर जातो. त्या कारागिरांचं काम निदान व्हिडिओ करून ठेवा, ते कोण, त्यांना कुणी शिकवलं, डिझाइनचा कागद कसा वाचतात. आणि 12 जानेवारीला आपण चार हुतात्म्यांना अभिवादन करतो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, 1931 ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेलेले. ही चार नावं एका ओळीत वाचली की सोलापूर म्हणजे काय ते कळतं, तेव्हा वारसा जपताना ह्याचा जपला आणि त्याचा राहिला असं इथं तरी होऊ नये.

लोक म्हणतील गावाला देऊळ वापरायचंय, म्युझियम करायचं नाही. बरोबर आहे, देऊळ वापरातच राहायला पाहिजे, पूजा थांबली की वटवाघळं आणि पिंपळ त्याचा ताबा घेतात. सावली पाहिजे तर मूळ देवळाला न चिकटवता, समोर चार पावलं सोडून मंडप घाला, टेकू लावून खांब सरळ करा, छतावर उगवलेली झाडं मुळासकट काढा, गळती थांबवा, पाणी लांब जायला चर काढा. निम्म्या पैशात होईल. पण हे सांगायला कुणीतरी जाणकार आधी यायला पाहिजे, आणि आज तो येण्याची वाटच नाही, कारण ग्रामपंचायतीचा ठराव, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, टेंडर ह्या सगळ्या कागदात जुनं बांधकाम आहे का हा प्रश्नच कुठं विचारलेला नाही.

म्हणून पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या सीईओंना तुमच्या पेपरातून माझी हात जोडून विनंती आहे. कुठल्याही धार्मिक स्थळाच्या कामाला, मग ते देऊळ असो, दर्गा असो, जैन बस्ती असो की मठ, निधी मंजूर करताना प्रस्तावात दोन गोष्टी सक्तीच्या करा, आत्ताच्या अवस्थेचे सगळ्या बाजूंचे फोटो आणि जुनं दगडी बांधकाम असेल तर राज्य पुरातत्व विभागाचं पत्र. पत्राला उशीर होतो ही गावांची तक्रार येणार, तर त्याला तीस दिवसांची मुदत घाला आणि खात्याला त्यासाठी माणूस द्या. आणि वाचकांना सांगतो, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ह्यातली जी ग्रामसभा पुढं येईल तिला आपापल्या गावी जा आणि एवढा एकच ठराव मांडा, की गावातला कुठलाही कोरलेला किंवा अक्षरं असलेला दगड ग्रामसभेला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, रंगवायचा नाही. सरपंच नाही म्हणणार नाहीत, माझा अनुभव तरी तसा आहे, कुणी मांडतच नाही म्हणून राहून जातं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर