फक्की मारायला मी येतो

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. 'खो-खो माझा आहे बाबा, पण कबड्डी, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स सगळंच शिकवायचं माझ्या गळ्यात. पोरं हसतील.' रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

अमेरिकन कोच अमॉस अलोंझो स्टॅगचं नाव तू बी.पी.एड.ला, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, ऐकलं असशील. येल विद्यापीठात हा धर्मोपदेशक व्हायला निघाला होता. लोकांसमोर उभं राहून बोलणं आपल्याला जमत नाही, हे कळल्यावर ते सोडून तो स्प्रिंगफील्डला शारीरिक शिक्षणाकडे वळला. तिथे नेस्मिथने नुकताच बास्केटबॉल काढला होता. मार्च 1892 मध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षक 5-1 असे हरले आणि त्यांचा तो एकुलता गोल स्टॅगचा! खेळ जन्मून तीनच महिने झालेले. तज्ज्ञ कुठून आणणार?

त्याच वर्षी तो शिकागो विद्यापीठात गेला. अमेरिकन फुटबॉलचे 41 हंगाम, जोडीला बरीच वर्षं बेसबॉल आणि धावपटूही त्याच्याचकडे. येलमध्ये असताना फुटबॉलमध्ये समोरच्याला पाडायचा सराव व्हावा म्हणून त्याने गादी गुंडाळून टांगली आणि पोरांना तिच्यावर झेपा घ्यायला लावल्या, असं सांगतात. मला ही गादी फार आवडते. तुमच्याकडे मॅट नाही म्हणालीस ना, म्हणून आठवली. आणि पोरांचं म्हणशील, तर तुला येत नाही ते त्यांच्यादेखत शीक. व्हॉलीबॉलची सर्व्हिस त्यांच्यातल्याच एखाद्याला दाखवायला सांग. कुणी हसणार नाही.

सत्तरी गाठली म्हणून शिकागोने त्याला निवृत्त केलं. मला ते अजून पटत नाही. तो कॅलिफोर्नियात पॅसिफिक कॉलेजला गेला, तिथे 14 हंगाम काढले. 1943 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, इतर कोचनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम कोच म्हणून निवडलं.

पण मी वाचता वाचता थांबलो तो 1947 पाशी. मुलगा पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठाचा कोच होता. 85 वर्षांचा बाप मैदानावर त्याच्या जोडीला जाऊन उभा राहिला, आणि पुढची काही वर्षं राहिला.

माझे गुडघे अजून बरे आहेत. तुमच्या स्पर्धांची तारीख ठरली की कळव. आदल्या दिवशी येतो. टेप तू धर, फक्की मी मारतो.

तुझे बाबा