दत्ता, आज्जीला एवढं विचार

कवरत्ती, ४ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्तोबा,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. घरी फोनवर हे सांगितलं तर सगळे "अरेरे" म्हणाले आणि जेवायला बसले. तुझा मात्र घास अडकेल, म्हणून तुलाच लिहितोय. माझी तब्येत ठीक आहे. पावसात पाठ धरते, बाकी काही नाही.

इथून उत्तरेला बित्रा नावाचं बेट आहे. लक्षद्वीपच्या दहा वसत्या बेटांतलं सगळ्यात छोटं, जेमतेम पंचवीस एकर. आपल्या कॉलेजचं मैदान आणि मागचं शेत धरलं तर झालं बित्रा. २०११ च्या जनगणनेत तिथे २७१ माणसं होती. जुलैमध्ये इथल्या महसूल खात्याची अधिसूचना निघाली: संरक्षणाच्या कामासाठी बेटाची सगळीच्या सगळी जमीन संपादन करायची आहे, त्याआधी सामाजिक परिणामांची पाहणी होईल. कायदा २०१३ चा. सरकारच स्वतःच्या कामासाठी जमीन घेत असेल तर त्यात जमीनवाल्याची संमती लागत नाही. पाहणीत म्हणणं मांडता येतं, एवढंच.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या आमच्या प्लांटवर एक वयस्क माणूस येतो, त्याची बहीण बित्राला दिलेली. दिलेली कसली, इथे मुलगी नांदायला जातच नाही, घर तिचंच असतं, नवरा येतो. (आपल्या शिंद्याला हे ऐकव, लगेच बॅग भरेल.) मी कधीतरी त्याला कोयना धरणात गेलेल्या तुमच्या गावाचं सांगितलं होतं. परवा तो पंपापाशी उभा राहून म्हणाला, "तुमच्या दोस्ताच्या गावाला उठवलं, तेव्हा त्यांनी आधी काय मागायला हवं होतं?" मी पाइपाला हात लावून नुसता उभा राहिलो. साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी त्यातून येतं, वर कोमट पाणी निर्वात टाकीत उकळतं, त्याची वाफ या गार पाण्याने थंड करून रोज लाखभर लिटर गोडं पाणी होतं. हे मी त्याला अर्धा तास समजावू शकतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरात आहे.

तू आता जुनं भांडण काढशील, माहीत आहे. मेसमध्ये ताट आपटून गेला होतास. मी आजही म्हणतो, कोयनेची वीज महाराष्ट्राला हवी होती. इथेही नौदल नको असं मी म्हणणार नाही. मिनिकॉय बेट आणि बाकीची बेटं यांच्यामधल्या समुद्रातून, नऊ अंशाच्या खाडीतून, केवढी जहाजं जातात. कवरत्तीत २०१२ पासून नौदलाचा तळ आहे, मिनिकॉयला २०२४ मध्ये 'आयएनएस जटायू' झालं, आणि तिथली माणसं तिथेच राहिली. मग बित्रात माणसं आणि नौदल दोन्ही का राहू शकत नाहीत, हे मला कुणी समजावून सांगत नाही. कोयनेचं पाणी चढणार होतं, तिथे इलाज नव्हता. इथे तर पाणीही चढत नाही.

आणि जमीन मोजून हिशेब होणारच नाही. बित्राची जमीन पंचवीस एकर, पण भोवतीचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, सुमारे पंचेचाळीस चौरस किलोमीटर! संसार त्याच्यावर चालतो. टुना, म्हणजे आपला कुपा, इथे गळाने धरतात. पहाटे लगूनमध्ये जाळं टाकून बारीक आमिषमासळी जिवंत पकडायची, होडीच्या टाकीत ठेवायची, बाहेर थवा दिसला की ती फेकायची आणि मागून पाण्याचे फवारे मारायचे. पाणी खदखदायला लागलं की मासा चवताळून वर येतो आणि बिनकाट्याच्या गळावर एकामागून एक उपसता येतो. लगून नाही तर आमिष नाही, आमिष नाही तर मासा नाही. माडाचा मोबदला देतील, घराचा देतील, पण आमिषाच्या पाण्याचा सातबारा कुठे असतो? तुमच्या आज्जीचं नदीकाठचं गवत तरी कुणी मोजलं होतं?

नावाचाही गुंता आहे. इथे 'शुक्रवारची' मालमत्ता म्हणजे आईच्या वंशाची, सामाईक, वाटणी न होणारी. 'सोमवारची' म्हणजे स्वतः कमावलेली. शुक्रवारच्या जमिनीचा धनादेश कुणाच्या नावाने निघणार? तुझ्या आज्ज्याच्या हातात पैसे पडले आणि वर्षात संपले, आज्जी विचारायची राहिली, हे तूच सांगितलंस ना? इथे तर जमीनच बायकांच्या नात्याने येते. शिवाय इथल्या लोकांना जमातीचा दाखला मिळतो तो आई-बाप दोघं बेटांवर जन्मलेले म्हणून. माणसं कोचीला नेऊन ठेवली तर नातवंडांचं काय होणार?

विचारायचं कुणाला? इथे विधानसभा नाही. दिल्लीने नेमलेले प्रशासक कारभार बघतात. पंचायतींची मुदत संपून गेली, निवडणुका नाहीत. उरले एक खासदार. हमदुल्ला सईद यांनी विरोध केलाय, पण एक खासदार किती ओढणार. त्यांचे वडील पी. एम. सईद १९६७ पासून सलग निवडून येत होते, २००४ मध्ये ७१ मतांनी पडले. म्हणजे इथे एकेक घर सरकारला हलवू शकतं, पण फक्त मतदानाच्या दिवशी.

१९४५ पर्यंत बित्रावर कुणी कायम राहत नव्हतं. समुद्रपक्षी अंडी घालायचे. चेतलात बेटावरची एक बाई मुलाला घेऊन तिथे राहायला आली आणि तिथून गाव झालं. म्हणजे ते गाव तुझ्या आज्जीपेक्षा थोडंसंच लहान-मोठं. ऐंशी वर्षांत बसलेलं गाव एका कागदाने उठतं, हे मला सहन होत नाही, दत्ता. मी इथला नाही, माझी नोकरी उद्या कुठेही जाईल, तरी झोप लागत नाही.

तर काम असं. आज्जीशेजारी बस आणि विचार. सगळ्या गावाने एकत्र राहायचं आधी लिहून घेतलं होतं का, की रायगड, सोलापूर अशी पांगापांग नंतर कळली? पर्यायी जमीन निघायच्या आधी दाखवली होती का? कबरी, देवळं यांचं काय केलं? (बित्रावर एका अरबी संताची कबर आहे, लोक दर्शनाला जातात.) बाईच्या नावाने काही मागितलं होतं का कुणी? आज्जी बोलेल तसं रेकॉर्ड कर, तुझं भाष्य मध्ये घालू नकोस. फाइल मोठी असली तरी पाठव, गेल्या वर्षापासून समुद्राखालून केबल आली आहे. मी हिंदीत करून त्या माणसाला देईन, तो पाहणीवाल्यांसमोर मांडेल. घाई कर, पाहणीला वेळ थोडा दिलाय.

चिंगीला बारावीला किती पडले? वहिनींच्या बदलीचं झालं का? ट्रॅक्टरचे हप्ते संपले असतील तर पेढे हवेत, आणि तात्यांना माझा नमस्कार सांग.

रात्री नवानंतर फोन कर, तेव्हा मी खोलीवर असतो.

तुझा,
सुध्या