जुन्या रायफलला पॉलिश नको

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत जुन्या वस्तूंनी घर सजवायचा लेख आला होता, त्यात वारशाने आलेल्या तलवारी-बंदुका बफिंग करून (म्हणजे फिरत्या चाकावर घासून) चकाचक करा आणि भिंतीवर लावा असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतो, बायको इथलीच, आणि सासरे गेल्यावर त्यांच्या वडिलांची विंचेस्टर कंपनीची मॉडेल 94 रायफल आमच्याकडे आली. बंदुका घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचं 1894 चं डिझाइन, 2006 मध्ये कंपनीचा न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तोवर सत्तर लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. आमची 1920 च्या दशकातली, आणि गंमत बघा, शंभरीला आली तरी इथल्या केंद्रीय कायद्यात ती अँटीक नाही, 1898 पर्यंत बनलेलीच अँटीक!

आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल चालत नाही, म्हणून लिव्हरवाल्या अजून बऱ्याच घरांत दिसतात. चापाखालची कडी, म्हणजेच लिव्हर, खाली-पुढे ढकलली की रिकामं काडतूस वरून बाहेर पडतं आणि घोडा मागे चढतो, कडी परत ओढली की नवीन काडतूस आत, बस. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीला टेकतं, म्हणून गोळीचं टोक चपटं ठेवतात, अणकुचीदार असेल तर झटक्याने आतच बार उडायचा. वरून काडतूस उडतं म्हणून वर दुर्बीण बसवणं अवघड, सासऱ्यांनी कधी बसवलीही नाही, नजर चांगली होती म्हणायचे (चष्मा होता तरी!).

आता मुद्दा पॉलिशचा. लोखंडावर निळसर काळा थर असतो, ब्लूइंग म्हणतात, तो आमच्या रायफलच्या पोटाशी पार उडून राखाडी झालाय, कारण रायफल एका हातात धरून चालताना तोल तिथेच सापडतो आणि दोन पिढ्यांचे हात तिथेच घासलेत. बफिंगवाला पहिल्यांदा नेमकी ही हातांची खूणच घालवणार, मग कडा गोल होणार, नळीवरची कंपनीची अक्षरं पुसट होणार, आणि संग्राहक अशा चकाचक रायफलला उलट कमीच पैसे देतात. हलकं तेल, मऊ कापड, कोरडी जागा आणि कुलूप, एवढं पुरतं. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये, ओल धरते.

वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये कंपनीच्या जुन्या वह्या आहेत, 94 च्या पहिल्या साडेतीन लाखांपर्यंतच्या सीरियल नंबरांची नोंद तिथे मिळते. आमचा नंबर त्याच्या पुढचा निघाला, बायको हिरमुसली जरा.

आणि भारतात चालू स्थितीतली बंदूक भिंतीवर लावा म्हणून सांगताना परवान्याचा एक शब्द नाही? शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर वारशाने आली तरी एका माणसाच्या नावावर दोनच बंदुका ठेवता येतात, हे छापायला हवं होतं. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती टाका ही विनंती, बाकी पुरवणी आम्ही आवडीने वाचतो.

– एक वाचक, पेनसिल्व्हेनिया